हमाम, बंब आणि गॅस : आपल्या गरम पाण्याचा इतिहास



इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे राजे, लढाया आणि किल्ले उभे राहतात. शाळेत आपण तोच शिकतो आणि परीक्षेतही तोच लिहितो. परंतु माणसाने अन्न कसे शिजविले, दिवा कसा लावला, पाणी कसे तापविले, हाही इतिहासच आहे; आणि आपल्या घराच्या जमाखर्चाशी त्याचा संबंध लढायांहून अधिक जवळचा आहे. म्हणून या लेखात मी आपणांपुढे एका साध्या वस्तूचा इतिहास मांडणार आहे. ती वस्तू म्हणजे अंघोळीची गरम पाण्याची बादली.

थेरगाव, काळेवाडी, चिंचवड, वाकड हा आपला परिसर कामगारांचा. घरातला एक जण पहिल्या पाळीला निघतो, मुलांची सकाळची शाळा असते, त्याआधी फजरची नमाज असते. डिसेंबर-जानेवारीत पवनाकाठी थंडी बोचू लागली की घरात एकच घाई होते, ती गरम पाण्याची. अशा वेळी शेगडीवर एक पातेले चढते, ते उतरले की दुसरे चढते. सिलिंडर नेहमीपेक्षा लवकर का संपला, असे महिनाअखेरीस आपण एकमेकांना विचारतो आणि दोष बहुधा स्वयंपाकाला देतो. तो दोष स्वयंपाकाचा नाही, हे मी पुढे हिशेबाने दाखवीन. त्याआधी थोडे मागे जाऊ या.

एका जाळावर अनेक कामे

पाणी तापविण्याची विद्या फार जुनी आहे. प्राचीन रोमन लोकांनी स्नानगृहाची जमीन लहान लहान खांबांवर उचलून तिच्याखालून जाळाची ऊब आणि धूर फिरविण्याची युक्ती काढली. इस्लामी जगताने ही विद्या उचलली, वाढविली आणि तिला हमाम हे रूप दिले. जॉर्डनच्या वाळवंटातील कुसैर अमरा येथे आठव्या शतकातील उमय्या काळाचा हमाम आजही उभा आहे. पुढे दमास्कस, कैरो, इस्तंबूल अशा प्रत्येक मोठ्या शहरात मोहल्ल्यामोहल्ल्यांतून हमाम झाले. आपल्या दख्खनलाही त्याचे अप्रूप नव्हते. दौलताबादच्या किल्ल्यात शाही हमाम आहे. बीदरच्या किल्ल्यातील संग्रहालय ज्या इमारतीत आहे, ती मुळात शाही हमामच होती. महाराष्ट्राच्या सीमेलगत असलेल्या बुऱ्हाणपूरच्या किल्ल्यात, जेथे १६३१ साली मुमताज महलचे निधन झाले, तेथील रंगीत नक्षीचा हमाम पाहण्यास लोक अजून जातात.

हे हमाम म्हणजे केवळ श्रीमंतांची चैन होती, असे समजू नका. बादशहांचे हमाम राजवाड्यात होते हे खरे. परंतु शहरांतील हमाम सर्वांसाठी होते आणि त्यांच्या रचनेत मोठी काटकसर होती. शंभर घरांत शंभर चुली पेटविण्याऐवजी एक भट्टी पेटे आणि सारा मोहल्ला तीवर स्नान करी. भिंती जाड असत, घुमटाला लहान झरोके असत, दारे अरुंद असत. आतली ऊब बाहेर जाऊ नये हा हेतू. भट्टीचा धूर सरळ आकाशात न सोडता जमिनीखालून फिरवून मगच बाहेर काढीत, म्हणजे त्याच्यातली उष्णता जमिनीला मिळे.

इतकेच नव्हे, तर कैरो शहरात हमामच्या भट्टीत शहराचा केरकचरा जाळीत आणि त्याच निखाऱ्यांवर रात्रभर घेवड्यासारख्या बियांचे मोठे हंडे शिजत ठेवीत. सकाळी तीच न्याहारी लोक विकत घेत. मोरोक्कोतील मराकेश शहरात मांसाचा मसालेदार सालन मातीच्या सुरईत भरून हमामच्या राखेत शिजविण्याची चाल आजही आहे. काश्मीरमध्ये मशिदींतून आणि घरांतून हमाम असतो. दगडी लाद्यांखाली लाकूड जळते, त्याने खोली उबदार होते, आणि त्याच जाळावर तांब्याच्या मोठ्या भांड्यात वजूचे पाणी तापते. एका जाळावर पाणी, खोली आणि अन्न अशी तीन कामे! आज ज्याला आपण इंधनबचत म्हणतो, ती आपल्या पूर्वजांना शिकवावी लागली नाही. लाकूडच महाग होते.

पाण्याचे माप

इंधन वाचविण्याचा पहिला मार्ग म्हणजे पाणीच कमी तापविणे. या बाबतीत आपल्या परंपरेत एक माप सांगितलेले आहे आणि ते आपण जवळजवळ विसरलो आहोत. हजरत मुहम्मद पैगंबर (स.) वजू एक मुद्द पाण्याने करीत आणि गुस्ल एक साअ, फार तर पाच मुद्द पाण्याने करीत, असे हदीसच्या ग्रंथांत नमूद आहे. एक मुद्द म्हणजे आजच्या मापाने सुमारे पाऊण लिटर. आणि चार मुद्दांचा एक साअ, म्हणजे सुमारे तीन लिटर. वाहत्या नदीवर बसलेल्या माणसानेही पाणी उधळू नये, अशी शिकवण आहे. उधळपट्टीला, म्हणजे इस्राफला, आपल्याकडे किती गैर मानले आहे ते आपणांस ठाऊकच आहे.

जुन्या घरांत बदना असे, तोटीचा लोटा असे. त्यात लिटर-दीड लिटर पाणी मावे आणि तेवढ्यात वजू होई. नळ आला आणि माप गेले. नळाखाली वजू करताना सहज पाच लिटर पाणी जाते, आणि ते गरम असेल तर पाण्याबरोबर इंधनही मोरीत वाहते. तीन लिटरमध्ये स्नान उरका असे मी कोणास सांगणार नाही. कारखान्यातून घामाने आणि तेलाने माखून आलेल्या माणसाला बादलीभर पाणी हवेच. पण माप हे असते आणि ते पाळता येते, एवढे या परंपरेवरून आपण घ्यावे.

चूल, बंब आणि बायकांचे कष्ट

महाराष्ट्रातील घरांतून गरम पाण्यासाठी दोन साधने होती. गरिबाघरी चुलीवरचा हंडा आणि थोड्या बऱ्या घरी तांब्याचा बंब. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत ठोक्याची भांडी आणि असे बंब घडत. बंबाची रचना विद्यार्थ्यांनी मुद्दाम समजून घ्यावी. मधोमध एक उभी नळी असते, तिच्या तळाशी जाळी असते. नळीत ढलप्या, शेणी, नारळाच्या करवंट्या, कोळसा जे मिळेल ते घालावयाचे. पाणी या नळीच्या भोवती असते. चुलीवर हंड्याच्या फक्त बुडाला जाळ लागतो आणि बाकीचा बाजूंनी निघून जातो. बंबात मात्र जाळ पाण्याच्या पोटात असतो, म्हणून त्याची उष्णता चहूबाजूंनी पाण्यातच जाते. काश्मिरी समोवारची रचना हीच. कारखान्यातल्या कित्येक बॉयलरांतही हेच तत्त्व आहे.

साध्या चुलीत जळणाच्या उष्णतेपैकी जेमतेम दहावा हिस्सा भांड्याला मिळतो, बाकीचा धुरात जातो. तो धूर कोणाच्या छातीत जाई? आपल्या आई, आजी, दादी, नानी यांच्या. सरपण कोण गोळा करी? बहुधा घरातल्या मुली. त्या वेळात त्या शाळेत असू शकल्या असत्या. म्हणून जुन्या काळचे गोडवे गाताना आपण हे विसरू नये. गॅस महागला म्हणून पुन्हा गॅलरीत लाकडे पेटवावी, असा सल्ला कोणी दिला तर तो मानू नका. मधल्या काळात रॉकेलचे स्टोव्ह आले. स्वीडनच्या फ्रान्स लिंडक्विस्टने १८९२ च्या सुमारास काढलेला पंपाचा स्टोव्ह प्रायमस या नावाने आपल्याकडे घराघरांत पोहोचला. धूर कमी झाला, तरी वास, भडका आणि रेशनच्या दुकानापुढील रांग ही उरलीच.

गॅस आला

आपल्या देशात गॅस प्रथम आला तो स्वयंपाकासाठी नव्हे, तर दिव्यांसाठी. १८६५ साली मुंबईच्या रस्त्यांवर दगडी कोळशापासून काढलेल्या गॅसचे दिवे लागले. त्यानंतर तीनच वर्षांनी, १८६८ साली, लंडनच्या बेंजामिन मॉन याने गॅसवर चालणारे पाणी तापविण्याचे यंत्र काढले आणि आइसलँडमधील उष्ण कारंज्याच्या नावावरून त्याला गीझर हे नाव दिले. आपण ज्याला गिझर म्हणतो, तो शब्द येथून आला. या पहिल्या गिझरला धूर बाहेर नेणारी नळीच नव्हती, त्यामुळे तो धोक्याचा होता. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे तिच्याकडे पुन्हा यावयाचे आहे.

सिलिंडरमधला गॅस, म्हणजे एलपीजी, १९५५ साली बर्मा-शेल कंपनीने मुंबईत बर्शेन या नावाने आणला. इंडियन ऑइलच्या इंडेन गॅसची पहिली जोडणी १९६५ साली कलकत्त्यास दिली गेली. पुढे १९७४ मध्ये एस्सो आणि १९७६ मध्ये बर्मा-शेल या परदेशी कंपन्या सरकारने ताब्यात घेतल्या. आजच्या एचपी आणि भारत गॅसचे मूळ तेथे आहे. त्या काळी गॅसजोडणी मिळणे म्हणजे नशीब उघडणे होते. नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. गॅसचे कार्ड आहे, ही गोष्ट लग्न ठरविताना अभिमानाने सांगितली जाई.

याच काळात आपला परिसर बदलत होता. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना स्थापन झाला. त्यामागोमाग साठच्या दशकात औद्योगिक वसाहत उभी राहिली. १९६४ साली स्थापन झालेली पदमजी पेपर मिल तर थेरगावातलीच. १९७० साली पिंपरी-चिंचवड नगरपालिका झाली आणि १९८२ साली महानगरपालिका. कोकण, मराठवाडा, सोलापूर, विजापूर, तसेच उत्तरेकडून माणसे कामधंद्यासाठी आली. खेड्यात मागे राहिलेला बंब येथल्या दोन खोल्यांच्या घरात मावणारा नव्हता आणि सरपण ठेवण्यास जागाही नव्हती. म्हणून रॉकेल आणि नंतर गॅस हाच आधार झाला. गॅस ही आपली चैन नव्हती, ती गरज होती आणि आजही आहे.

स्वस्त इंधनाचा भ्रम

१९७३ च्या अखेरीस अरब-इस्राएल युद्धानंतर कच्च्या तेलाच्या किमती काही महिन्यांत सुमारे चौपट झाल्या आणि साऱ्या जगाचे डोळे उघडले. तेल वाचविण्याचे प्रयोग सुरू झाले. आपल्या देशात १९७८ साली पेट्रोलियम संवर्धन अनुसंधान संघ ही संस्था स्थापन झाली. भांड्यावर झाकण ठेवा, डाळ भिजवून मग शिजवा, पाणी उकळू लागताच आंच मंद करा, ही वाक्ये आपल्यापैकी वडीलधाऱ्यांनी त्या काळी आकाशवाणीवर आणि भिंतीवरच्या फलकांवर वाचली-ऐकली असतील.

त्याच सुमारास सूर्याची आठवण झाली. पण सूर्यावर पाणी तापविण्याची कल्पनाही नवी नव्हती. १८७८ साली मुंबईत विल्यम ॲडम्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने सूर्याच्या उष्णतेवर एक पुस्तक लिहिले. कुलाब्याला त्याने अनेक आरसे मांडून त्यांचे ऊन एका बॉयलरवर टाकले आणि त्या वाफेवर पंप चालवून दाखविला. ऊन भरपूर असलेल्या देशाने जळणासाठी जंगले का तोडावी, हा त्याचा प्रश्न होता. १८९१ साली अमेरिकेत क्लॅरेन्स केम्प याने घराच्या छपरावर बसविण्याच्या सौर पाणीतापकाचे पेटंट घेतले. कॅलिफोर्नियात हजारो घरांवर असे तापक बसले. मग तेथे नैसर्गिक वायूच्या खाणी लागल्या, गॅस स्वस्त झाला आणि लोकांनी छपरावरचे तापक काढून टाकले. १९७३ नंतर त्यांच्याच नातवंडांनी ते पुन्हा शोधले! इंधन स्वस्त असताना माणूस शहाणपण गहाण टाकतो, हे या इतिहासाचे सार आहे.

महाराष्ट्रात १९८५ साली महाराष्ट्र ऊर्जा विकास अभिकरण, म्हणजे महाऊर्जा, स्थापन झाले. पुणे महानगरपालिकेने सौरबंब बसविणाऱ्यांना मिळकत करात सवलत देण्याचा चांगला पायंडा पाडला. महाराष्ट्र शासनाच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत ठराविक इमारतींसाठी सौर तापकाची तरतूद आहे. दुसरीकडे गॅसही बदलला. २०१२ साली सवलतीच्या सिलिंडरांवर वर्षाला सहाची मर्यादा आली, नंतर ती नऊ आणि बारा झाली. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाली. २००६ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र नॅचरल गॅस कंपनीचा वायू नळाने पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या अनेक सोसायट्यांत पोहोचला. सिलिंडर उचलण्याचे कष्ट गेले ही सोयच झाली. पण सिलिंडर संपला की जी जाणीव होई ती मात्र गेली. नळाचा गॅस संपत नाही, त्याचे फक्त बिल येते.

आणि हा गॅस कोठून येतो? देशात लागणाऱ्या एलपीजीपैकी निम्म्याहून अधिक परदेशातून आणि मुख्यतः आखाती देशांतून येतो. ज्या आखातात आपले भाईबंद नोकरीसाठी गेले, त्याच समुद्रातून आपल्या शेगडीचा जाळ येतो. तेथे गडबड झाली की आपल्या स्वयंपाकघराचे अंदाजपत्रक कोसळते.

एक हिशेब

विद्यार्थी मित्रहो, आता वही-पेन्सिल घ्या. एक लिटर पाणी एक अंश सेल्सियसने तापविण्यास एक किलोकॅलरी उष्णता लागते. हिवाळ्यात सकाळचे पाणी २० अंश धरू आणि अंघोळीसाठी ४० अंश पुरे. बादली १५ लिटरची. म्हणजे १५ गुणिले २०, एकूण ३०० किलोकॅलरी. एक किलो एलपीजी जळल्यावर सुमारे ११,००० किलोकॅलरी उष्णता मिळते. पण शेगडीवर त्यातली साठ टक्केच पातेल्यात जाते असे धरू, म्हणजे ६,६००. तीनशेला सहा हजार सहाशेंनी भागा. एका बादलीस सुमारे ४५ ग्रॅम गॅस लागला.

घरात पाच माणसे असतील तर दिवसाला सुमारे २२५ ग्रॅम आणि महिन्याला पावणेसात किलोच्या आसपास. सिलिंडरमध्ये गॅस असतो १४.२ किलो. म्हणजेच जवळजवळ अर्धा सिलिंडर अंघोळीत गेला! बर्नर काजळलेला असेल, ज्योत पिवळी असेल, पातेल्यावर झाकण नसेल, तर हाच आकडा आठ किलोवर जातो. स्वयंपाकाला दोष देणे का चुकीचे, हे आता आपल्या लक्षात आले असेल.

गॅस गिझर शेगडीपेक्षा कमी गॅसमध्ये तेवढेच पाणी तापवितो, हे खरे आहे. पण गिझर आला की शॉवर येतो. शॉवरमधून मिनिटाला सुमारे आठ लिटर पाणी पडते. दहा मिनिटांत ८० लिटर, म्हणजे पाच बादल्यांहून अधिक! यंत्राने जे वाचविले ते सवयीने उधळले.

आता उलट हिशेब करा. हेच पाणी पहाटे न तापविता आदल्या दुपारी गच्चीवर उन्हात ठेवले आणि ते ३० अंशांवर गेले, तर त्याच पाण्याने संध्याकाळी अंघोळ करताना दहाच अंश चढवावे लागतील. गॅस निम्मा! कामावरून परतणाऱ्या माणसाने आणि शाळेतून आलेल्या मुलांनी संध्याकाळी अंघोळ केली, तर हा लाभ फुकट मिळतो. आणि सौरबंब असेल तर? शंभर लिटरचा बंब स्वच्छ उन्हाच्या दिवशी पाणी सुमारे ६० अंशांपर्यंत नेतो. त्यात तेवढेच गार पाणी मिसळले की ४० अंशांचे दोनशे लिटर पाणी झाले. पंधरा लिटरच्या तेरा बादल्या!

कारखान्याचा धडा घरी आणा

आपल्यापैकी अनेकांचे आयुष्य कारखान्यांत गेले आहे. कागद तयार करणे म्हणजे मुख्यतः ओला लगदा वाफेवर तापविलेल्या रुळांवर वाळविणे होय. अशा कोणत्याही कारखान्याच्या बॉयलरवर काम केलेल्या माणसास तीन गोष्टी पाठ असतात. पहिली, वाफेच्या नळ्यांना लॅगिंग करावे. दुसरी, वाफेचे झालेले गरम पाणी फेकून न देता परत बॉयलरकडे न्यावे. तिसरी, बॉयलरमध्ये जाणारे पाणी आधीच कोमट असावे. ते सहा अंशांनी तापले की सुमारे एक टक्का इंधन वाचते.

हीच तीन सूत्रे घरात लागू पडतात. सौरबंबापासून न्हाणीघरापर्यंतची नळी उघडी असेल, तर पाणी वाटेतच निवते. तिला वेष्टण घाला. नळातून प्रथम येणारे गार पाणी मोरीत सोडू नका, बादलीत धरा आणि कपड्यांना वापरा. कित्येक इमारतींच्या गच्चीवरचे सौरबंब नळ्यांत क्षार साचल्याने किंवा गळतीमुळे बंद पडलेले असतात आणि खाली प्रत्येक घरात गॅस जळत असतो. बॉयलर बंद पडला तर कारखाना एक दिवस थांबत नाही. मग सोसायटीचा सौरबंब वर्षानुवर्षे बंद कसा राहू द्यावा? जे हात दिवसभर यंत्रे दुरुस्त करतात, त्यांनी रविवारी गच्चीवर चढून पाहावे.

प्राणाची गोष्ट

आता मघाशी सांगितलेल्या १८६८ च्या गिझरकडे वळू. धूर बाहेर नेणारी सोय नसलेले ते यंत्र धोक्याचे होते, हे दीडशे वर्षांपूर्वीच कळले. तरीही आज आपल्याकडे बंद न्हाणीघरात गॅस गिझर बसविले जातात आणि हिवाळ्यात त्यापायी माणसे दगावल्याच्या बातम्या येतात. गॅस जळण्यास हवा लागते. लहान बंद खोलीतील प्राणवायू कमी झाला की गॅस नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्यास रंग नाही, वासही नाही. सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम वास घातलेला असतो, म्हणून गळती कळते. या वायूला तसे काहीच नसते. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डोके जड होते, चक्कर येते आणि कडी काढण्याचेही बळ उरत नाही.

म्हणून गॅस गिझर न्हाणीघराच्या बाहेर, हवेशीर जागी बसवा, त्याचा धूर बाहेर जाईल अशी नळी लावा, आणि खिडकी थंडीच्या भीतीने कागद लावून बंद करू नका. शक्य तर बादली भरून घ्यावी, गिझर बंद करावा आणि मगच अंघोळीस बसावे. विजेची कांडी वापरणाऱ्यांनी बटण बंद करून, प्लग काढल्यावरच पाण्याला हात लावावा. मुलांना हे काम सांगू नये. पैसे वाचविणे महत्त्वाचे. पण त्याआधी जीव.

पुढील हिवाळे

शेवटी एक गोष्ट पालकांनी आणि मशिदींच्या विश्वस्तांनी ध्यानात घ्यावी. चांद्रवर्षामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो. तो आता हिवाळ्याकडे सरकत आहे. २०३० साली तर जानेवारीत एकदा आणि डिसेंबरच्या अखेरीस पुन्हा, असा एकाच इंग्रजी वर्षात दोनदा रमजान सुरू होईल. थंडीतील सहेरी, थंडीतील फजर, म्हणजे घराघरांत आणि मशिदींतून गरम पाण्याची मागणी वाढणार. शंभर नमाजींनी नळाखाली पाच-पाच लिटरने वजू केली तर पाचशे लिटर पाणी तापवावे लागेल; एकेक लिटरच्या बदन्याने केली तर शंभर लिटर पुरेल, आणि तेवढे तर गच्चीवरचा एक लहान सौरबंब देऊ शकतो. मशिदीची गच्ची मोठी असते, उन्हात असते आणि ती साऱ्यांची असते. पूर्वी मोहल्ल्याचा हमाम एका भट्टीवर चाले; आज मोहल्ल्याचा हमाम सूर्यावर चालू शकेल.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यासाठी एक काम सांगतो. नवा सिलिंडर लावला की दारामागच्या कॅलेंडरवर तारीख लिहा. नळाचा गॅस असेल तर दर रविवारी मीटरचा आकडा लिहा. एक महिना नेहमीप्रमाणे जाऊ द्या. दुसऱ्या महिन्यात पातेल्यावर झाकण, बर्नरची सफाई, मापाची बादली आणि उन्हात ठेवलेले पाणी, एवढे चारच नियम पाळा. मग दोन्ही महिन्यांची वजाबाकी करा आणि ती अम्मी-अब्बांना दाखवा. या वजाबाकीत तुमचे गणितही आहे, विज्ञानही आहे आणि घराचा संसारही आहे.

पालकहो, वाचलेल्या पैशाचे काय करावे, हे मी सांगण्याची गरज नाही. आपल्या समाजात मुलगी दहावीनंतर शिकते की थांबते, हे पुष्कळदा बसच्या पासावर आणि वह्या-पुस्तकांच्या खर्चावर ठरते. मोरीत वाहून जाणारा अर्धा सिलिंडर तिच्या शिक्षणाकडे वळविता आला, तर गरम पाण्याचा हा इतिहास वाचण्याचे सार्थक झाले असे मी समजेन.